पावकीचा श्वास

मामंजी, तुमच्यासमोर बसून मी कधी मनातलं बोलले नाही, म्हणून आज लिहून बोलते आहे. वर मायना घातलेला नाही. 'तीर्थरूप' असं लिहिलं असतं तर खाली जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजला नसता. दुपारी तुमचं श्राद्ध झालं. वडे बरे फुगले. खिरीला साखर बेतानंच घातली, तुम्हाला फार गोड कधी चाललं नाही. भटजी जेवून गेले, हे ओटीवर लवंडले, आणि मी भांडी पालथी घालून माजघरात टेकले तर तुमची नात येऊन शेजारी बसली. आता सोळावं लागलंय तिला, अलिबागेस इंग्रजी शाळेत शिकते, बोलायला कुणाला हार जात नाही. म्हणाली, "आई, शेजारच्या काकू देवापुढं स्तोत्रं म्हणतात. तू डोळे मिटून पावकी, ते पाव-पाऊणचे पाढे, म्हणतेस. देवाला काय दुकान घालायचंय?" मी हसले. म्हटलं, "आजोबांनी शिकवली." "आजोबांना दुसरं काही येत नव्हतं?" "सगळं येत होतं. जा, दोरीवरची लुगडी काढ," म्हणून तिला उठवून लावलं. ती गेली आणि मला माझीच लाज वाटली. उद्या सासरी जाईल, तिथं तिचंही बाळंतपण होईल, आणि लहानपणी तिच्या स्वतःच्या जिवावर काय बेतलं होतं ते तिला सांगायची मला हिंमत होत नाही. तिला सांगायच्या आधी एकदा तुम्हाला सांगून पाहावं, असं मनात आलं.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी लिहिते. ते सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं जात नाहीय. हिच्या वेळेस मला बाळंतपण बाधलं. जुलाबांनी पोट थांबेना, उभं राहायचं त्राण उरेना. वैद्यांनी अफू सांगितली, मोहरीएवढी, गुळातून. घरात ती होतीच. आत्याबाईंच्या, तुमच्या ताईंच्या, सांध्यांसाठी त्यांच्या उशाशी पितळेची डबी कायम असायची, आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या उशाशी असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पोट थांबलं. पण पोटाबरोबर आणखीही काही थांबलं. ह्यांची मुंबईची नोकरी, सणावारी रेवसला बोटीनं उतरून येणं आणि अंथरूण गरम होण्याआधी परत निघणं, सासूबाई नसलेल्या घराचा सगळा पसारा, माहेरची आठवण, हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं आहे आणि मी ते कठड्यावरून बघते आहे, असं वाटू लागलं. वैद्यांनी बंद करायला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, आणि आत्याबाईंना म्हटलं, "अजून कळ येते हो." त्या मायाळू. "घे गो, घे. बाळंतिणीनं अंगावर काढू नये." मोहरीची मिरी झाली, मिरीची तूर झाली, तुरीचा हरभरा झाला. मी मॅट्रिक झालेली, वाडीचा सगळा जमाखर्च माझ्या हातात, सुपारीच्या वजनात जराशी चूक निघाली तर मला जेवण जात नसे. दाणा रोज केवढा होतोय ते मला दिसलंच नाही, असं मी तुम्हाला पुढं सांगितलं होतं. दिसत होतं, मामंजी.

आणि पोर शांत. अशी शांत की शेजारणी बघायला येत. आत्याबाई सगळ्यांना सांगत सुटायच्या, "ह्याला म्हणतात बाळ! आमची कार्टी रात्र रात्र डोक्यावर घेऊन नाचवायची. ही बघा, पाजली की झोपली." मला तेव्हा अभिमान वाटायचा. मी मीठमोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढायचे. माझ्या अंगावरच्या दुधातून तिला काय जातंय, हा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही असं लिहिणार होते. आला होता. पण आला की मी तो बाजूला सारायचे, कारण तो धरून ठेवला असता तर डबी सोडावी लागली असती.

तुमच्या लक्षात आलं ते तुमच्या त्या रोजच्या सवयीमुळं. सायंसंध्या झाली की तुम्ही ओटीवर झोपाळ्यावर बसायचात आणि आत्याबाई पोरीला तुमच्या मांडीवर आणून ठेवायच्या. मी आतल्या दाराआड. तुमच्यासमोर यायचं नाही, तुमच्याशी थेट बोलायचं नाही, अशी आपल्या घरची रीत. तिला तुम्ही किंवा मी कुणी कधी नावं ठेवली नाहीत. त्या दिवशी तुम्ही तिच्या नाकाशी बोट धरलेलं आहे. झोपाळा थांबलाय. तुम्ही तिला म्हणताय, "काय गो चिमणे, इतका सावकाश श्वास तर माझासुद्धा नाही. जन्मभर नाक धरून बसलो मी. तू कुठल्या गुरूकडं शिकलीस?" आत्याबाई हसल्या. मीही दाराआड हसणार होते. पण तुम्ही हसला नव्हतात. तुम्ही पुन्हा बोट धरलंत, पुष्कळ वेळ धरलंत, आणि मग न वळता दाराच्या दिशेनं, पण पोरीलाच, म्हणालात, "तुझ्या आईला सांग, तुझं गुपित मला कळलं."

दुसऱ्या दिवशी डबी उशाशी नव्हती. देवघराच्या फडताळाला कुलूप होतं. आत्याबाईंनी आकांत केला, "अरे, माझे गुडघे!" तुम्ही म्हणालात, "ताई, तुझी मात्रा तुला वेळेवर मिळेल, माझ्या हातून." माझ्यासाठी पोरीकरवी निरोप आला. देवघर आणि ओटी यांच्यामध्ये लाकडी कूड होता. पलीकडं तुम्ही पोरीला घेऊन बसलेले, अलीकडं मी. "तुझ्या आईला सांग, एकदम सोडायची नाही. एकदम सोडली तर पोट फिरतं, हाडं दुखतात, माणूस भिंतीला डोकं आपटून घेतं. मी पाहिलंय. गोळी रोज देवापुढच्या वाटीत ठेवीन. पण आधी श्वास, मग गोळी." कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर मला रडता तरी आलं असतं.

प्राणायाम मी लहानपणी वडिलांना करताना पाहिलेला. नाक धरायचं, मनात गायत्री म्हणायची, तिच्या मापानं श्वास घ्यायचा, सोडायचा. मला वाटलं, तुम्ही मला गायत्री द्याल. शाळेत आमच्या बाईंनी बायकांच्या अधिकारावर पुष्कळ सांगितलेलं होतं, ते सगळं माझ्या डोक्यात जागं झालं. आणि कुडापलीकडून आवाज आला, "तुझ्या आईला सांग, पावकी म्हणायची. 'एक पाव पाव'पासून 'चार पाव एक'पर्यंत श्वास आत. चार पावांचा एक भरला की थांबायचं नाही, बाळंतीण आहे ती, कोंडायचा नाही. 'पाच पाव सव्वा' म्हणत सोडायला लागायचं, ते 'बारा पाव तीन'पर्यंत. घेतला त्याच्या दुप्पट सोडायचा." मला इतका अपमान वाटला. दुकानदाराच्या पोराला शिकवावं तसं. मी पहिल्यांदाच धीर करून, पोरीलाच विचारल्यासारखं, विचारलं, "आजोबांना विचार गं, मंत्र का नाही?" तुम्ही म्हणालात, "गायत्री मी देऊ शकत नाही. देऊ नये म्हणून नव्हे. माझ्यात तेवढं धैर्य नाही, असं सांग तुझ्या आईला." आणि जरा थांबून, "रामनाम सांगितलं असतं. पण नाम घाईनं घेतलं तरी ते नामच राहतं, आणि ती घाई करणार. पावकी घाईनं म्हटली की चुकते. मॅट्रिक झालेली बाई पावकी चुकली, हे तिचं तिलाच खपायचं नाही."

तुम्ही मला किती ओळखून होतात! मी घाई करत होतेच. जांभया येताहेत, नाक गळतंय, अंगावर काटा, पोटऱ्यांत गोळे, आणि समोर वाटी. देवासमोर मी देवासाठी बसत नव्हते. सोवळं नेसून, दिवा लावून, बाळकृष्णापुढं मी अफूसाठी बसत होते. सगळ्या जन्मात मला ह्याच्याइतकी लाज कशाची वाटली नाही. पावकी पळवली की 'सात पाव पावणेदोन'वर जीभ अडखळायची आणि कुडापलीकडून बोट वाजायचं. तुम्हाला ऐकू कसं जायचं? मी तर पुटपुटत होते. "तुझ्या आईला सांग, पुन्हा पहिल्यापासून." कधी कधी मनात येई की उठावं आणि कुडावर पाट फेकून मारावा. पण कधी कधी, फार नाही, पण कधी कधी, 'बारा पाव तीन'च्या शेवटी श्वास संपायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी एक जागा यायची, तिथं काही दुखत नसे आणि काही हवंही नसे. ती जागा डोळा लवण्याइतकीच. पण ती अफूनं दिलेली नव्हती, तेवढं मला कळायचं.

गोळीचं तुम्ही पावकीसारखंच केलंत. आधी पाऊण, मग अर्धी. श्वास झाले की मला आडवं पडायला सांगायचात. ह्या पडण्याला ग्रंथात जे नाव आहे त्यात 'शव' आहे. सवाष्णीला ते कसं सांगावं म्हणून तुम्ही अडलात. "तुझ्या आईला सांग, वाळत घातलेलं लुगडं खाली पडतं ना, तसं पड म्हणावं." मी पडल्यापडल्या हसले होते, तुम्हाला कळलं असेल.

तपकिरीची गोष्ट तर पोरीला सांगितलीच पाहिजे, ती खूश होईल. तुमच्या कनवटीला तपकिरीची डबी असायची. मी बसायला लागल्यावर तुम्ही जाहीर केलंत की तिची सुटेपर्यंत माझीही बंद, नाक धरायला शिकवणाऱ्याचं नाकच चोंदलेलं असेल तर कसं? आत्याबाई म्हणाल्या, "बघू हो किती दिवस टिकतं!" आणि एकदा सकाळी वाडीत शिंपणं करणारी आगरीण तोंडाला पदर लावून मागल्या दारी आली. "वयनीबाय, म्हातारबाबा रहाटामागं बसून शिंकतान. सर्दी हाय का वो त्यान्ला?" तेवढ्यात विहिरीकडून एकामागून एक अशा शिंका आल्या की बैल थबकला. मी पोरीला कडेवर घेऊन कुडाशी गेले आणि तुम्ही परत येऊन बसल्यावर म्हटलं, "आजोबांना सांग गं, पुन्हा पहिल्यापासून." पलीकडं तुम्ही असे हसलात, असे हसलात की आत्याबाई माजघरातून धावत आल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी ह्यातून निघेन.

आणि त्यानंतर लगेचच ते झालं.

तुम्हाला कज्ज्याच्या कामाला अलिबागेस जावं लागलं. आत्याबाईंना दुपारची मात्रा लागायची. तुम्ही निघताना ओटीवर पोरीला थोपटलंत आणि म्हणालात, "तुझ्या आईला सांग, फडताळाची चावी तिच्याकडं ठेवतोय." चावी उंबऱ्यावर ठेवलीत आणि गेलात. मागं वळून पाहिलं नाहीत. मी ती उचलली तेव्हा खरंच सांगते, माझ्या मनात काही नव्हतं. उलट छाती भरून आली होती. आत्याबाईंना मात्रा दिली, कुलूप लावलं. मग जेवण केलं. मग पुन्हा देवघरात गेले. पावकी म्हणायला बसले होते, हेही खरं आहे. 'चार पाव एक'पर्यंत गेले असेन. तिथून उठून कुलूप कधी काढलं ते आठवत नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते मात्र खरंच आठवत नाही. किती घेतली तेही नाही. पोर रडायला लागली म्हणून तिला पाजलं, आणि तिच्याशेजारीच पडले.

"वयनीबाय! ओ वयनीबाय! पोर हालत न्हाय!" त्या आवाजानं मला जाग आली. आगरीण नारळीची झापं ठेवायला आली होती. तिनं पोरीला पायांना धरून उचलली होती आणि तळपायांवर चापट्या मारत होती. पोरीचे ओठ जांभळाच्या रंगाचे. मला हे दिसत होतं, आणि माझ्या आत, मामंजी, कसलाही कल्लोळ होत नव्हता. अफू असताना तो होत नाही. मी म्हटलं, "झोपलीय ती." ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. "झोपली न्हाय बये, चालली ती!" असं ओरडून तिनं पोरीला विहिरीकडं नेली, तोंडावर पाणी मारलं, नाकात फुंकर घातली, तिला खांद्यावर घेऊन वाडीतून इकडून तिकडं, तिकडून इकडं चालत राहिली, आणि सारखी तिला चिमटे काढत, "रड गो माजे आये, रड, शिव्या दे मना, पन रड." मी विहिरीच्या काठाशी बसून बघत होते. दिवेलागणीला पोर रडली. बारीक, मांजराच्या पिलासारखी. तिच्या त्या रडण्यानं माझ्या आत काहीतरी फाटलं आणि मग मीही रडले.

तुम्ही आलात तेव्हा पोर आगरणीच्या अंगावर पीत होती. तिनं सगळं एका दमात सांगितलं, लपवलं काही नाही. "आयशीनं गोली खाल्लीन. दुधातनं पोरीला गेली. हिच्या अंगावर आता नका देऊ पोर. माजा बी पितोय, ही बी पिईल. दूध का मोजून येतं?" आत्याबाईंना त्या स्थितीतही विटाळ आठवला. "अरे, आगरणीचं दूध आपल्या पोरीला?" तुम्ही म्हणालात, "ताई, गाईचं चालतं ना? गाईचं गोत्र कुणी विचारतं?" त्यावर आगरीण तोंड वर करून म्हणाली, "म्हंजी मी गाय व्हय?" तुम्ही हात जोडलेत तिला. खरोखर जोडलेत, खांद्यावर प्रवासाची धूळ तशीच. "चुकलो बाई. तू आई आहेस."

मग तुम्ही आत आलात. कुडाच्या अलीकडं, जिथं मी होते तिथं. पहिल्यांदाच. पोर मध्ये नव्हती. मी डोळे मिटून वाट पाहत होते की आता बोल लागेल, आणि मला तो हवा होता. तुम्ही म्हणालात, "तुझं चुकलं नाही. माझं चुकलं. चावी मी द्यायला नको होती." आणि हात पुढं केलात. मी चावी दिली. बाकी कोठीच्या, पेटीच्या, बळदाच्या सगळ्या चाव्या माझ्या कमरेला होत्या, तशाच राहिल्या. तेवढी एक गेली. तुम्ही मला थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. तुम्ही तो दोष स्वतःकडं घेतलात, म्हणजे माझ्यावर दोष ठेवण्याइतकंही मला जमेस धरलं नाहीत, असं मला तेव्हा वाटलं. आज तसं वाटत नाही. पण त्या शब्दांची लाज गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाटावर होते. तुम्हीही पलीकडं होतात. पोर मात्र आगरणीकडं, त्यामुळं तिच्याकरवी बोलायची सोय नव्हती. तुम्ही नुसतं कुडावर टिचकी मारलीत आणि मी सुरू केलं. पुढचे महिने कसे गेले ते तुम्ही पाहिलंत. पोर दिवसरात्र किंचाळायची, तिचंही सुटत होतं ना. आता शेजारणी म्हणू लागल्या, "अगो, कशी शांत होती, आगरणीच्या दुधानं बिघडली." मी तुमच्या आज्ञेनं गप्प बसायचे. ह्यांना तुम्ही कळवलंत की सूनबाईचं दूध आटलं, एवढंच. ते खोटं नव्हतं, खरोखरच आटलं. माझी गोळी पाव झाली, मग मिरी, मग मोहरी. शेवटी एका सकाळी वाटीत नुसतं तुळशीचं पान. मी ते तोंडात टाकलं, लुगड्यासारखी पडले, आणि कुडापलीकडून तुम्ही म्हणालात, "पोट कसं आहे?" थेट मला. मी म्हटलं, "बरं आहे." एवढंच त्या दिवशीचं आपलं बोलणं. नंतर तुम्ही तुमचं लोकरीचं आसन धुवून, वाळवून देवघरात माझ्या जागी टाकलंत आणि स्वतः घोंगडीवर बसू लागलात. आत्याबाई गेल्या त्या वर्षी त्यांच्या डबीतलं उरलेलं तुम्ही स्वतः खाडीत नेऊन टाकलंत, आणि आपल्या घरात अफूचा कणही उरला नाही.

पोर चार वर्षांची असताना तुमच्या पोटातलं दुखणं सुरू झालं. अलिबागेहून डॉक्टर टांग्यातून आले. हे मुंबईहून आलेले, उशाशी उभे. मी पायाशी, तोवर मी तुमच्यासमोर येऊ लागले होते, तुमचं सगळं करायला दुसरं होतं कोण? डॉक्टर तरुण, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी बॅगेतून बाटली काढली. "हा अफूचा अर्क. थोडे थोडे थेंब पाण्यातून. आता बरं करायचं असं काही राहिलं नाही, पण दुखणार नाही एवढं मी करू शकतो." तुम्ही म्हणालात, "घरात नको." डॉक्टर हसले, "ह्या वयात व्यसन लागायची भीती वाटते की काय?" "लागलं तर सोडायला सवड कुठाय?" असं म्हणून तुम्हीही हसलात. "पण घरात नको." ह्यांनी फार विनवलं. तुम्ही ऐकलं नाहीत. डॉक्टरांनी बाटली परत बॅगेत ठेवली.

मग ते दिवस. मी तुमच्या उशाशी बसून पावकी म्हणायचे, मोठ्यानं, आणि तुम्ही तिच्यावर श्वास घ्यायचात. कळ आली की तुम्ही माझ्याकडं बघायचात, मी सुरू करायचे. पुढं पुढं 'चार पाव एक'पर्यंत तुमचा श्वास पोचेना. 'तीन पाव पाऊण'ला तुटायचा. "पाऊणच भरतोय गो," म्हणालात, मुलानं लाजावं तसं. मी म्हटलं, "पाऊणही पुष्कळ आहे, मामंजी. सोडा." मग अर्ध्यावर आणलं. ओठांवर दात रुतून रक्त यायचं, पांघरुणाच्या कडा तुम्ही चावून फाडल्यात. ते मी शिवून ठेवलं आहे. शेवटी गेलात तेव्हा मी 'एक पाव'च म्हटलं होतं.

गावात अजून बोलतात. आज भटजींनीही जेवताना ह्यांना सांगितलं, "तुमच्या वडिलांचं काय ते वैराग्य! एवढ्या यातनांत अफू नाकारली. योगी माणूस." हे डोळे पुसत होते. मी वाढत होते, मी मान हलवली. पोरीला तिच्या दुधाची गोष्ट मी सांगेन, आज ना उद्या सांगेनच. पण हा कागद तिच्या हाती लागू द्यायचा नाही. संध्याकाळी चूल पेटवताना तो आधी आत जाईल, कारण अजून एक राहिलंय ते कुणालाच सांगायचं नाही.

डॉक्टरांनी बाटली काढली तेव्हा तुमचा हात पांघरुणाबाहेर आला होता. बाटली घ्यायलाच आला होता, मामंजी, मी पाहिला. पण त्याआधी माझी नजर बाटलीवर गेली होती, आणि तिथंच राहिली, किती वेळ ते मला ठाऊक नाही. मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहत होतात आणि हात पुन्हा आत गेलेला होता. मग तुम्ही म्हणालात, घरात नको. घरात नको, एवढंच म्हणालात; मला नको, असं नाही म्हणालात. बाटली आगरणीकडं ठेवता आली असती. रोज येऊन तिनं थेंब पाजले असते, तिनं कुणाला कारणही सांगितलं नसतं. हे मला त्याच घटकेला सुचलं होतं. पण त्यासाठी डॉक्टरांसमोर आणि ह्यांच्यासमोर मला माझ्या तोंडानं म्हणावं लागलं असतं की बाटली माझ्या हाताशी नको. तेवढं मला म्हणवलं नाही.